एका ‘तू’साठी पाच जणांचं तिकीट

या सहलीतून गेरोल्ड बॉयर्ले यांना मिळायचं होतं ते एक अक्षर. तेही फुकट नव्हे. ‘तुम्ही’ची दोन अक्षरं द्यायची आणि ‘तू’चं एक घ्यायचं, म्हणजे वरवर पाहता तोट्याचाच व्यवहार. पण सारी हयात भूमापन कार्यालयात दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात घालवलेल्या माणसाला एवढं कळतं, की काही जागा नकाशावर चिमूटभर दिसतात आणि भाव मात्र त्यांनाच असतो.

हे ‘तू’ त्यांना विडमानबाईंकडून हवं होतं. स्टुटगार्टच्या त्या चार मजली इमारतीत विडमानबाई तिसऱ्या मजल्यावर राहत आणि बॉयर्ले त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्यावर. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. बॉयर्ल्यांनी लग्न केलंच नव्हतं. कारण विचारलं तर ते म्हणत की एकदा ठरत आलं होतं, पण कागदपत्रं वेळेवर आली नाहीत. जिन्यात गाठ पडली की “नमस्कार, विडमानबाई” आणि “नमस्कार, बॉयर्लेसाहेब”. शरद ऋतूत बाई मुरंब्याची बरणी आणून देत, बॉयर्ले त्यांच्या दाराबाहेरचा दिवा बदलून देत. बरणी उंबऱ्याच्या या बाजूला, दिवा उंबऱ्याच्या त्या बाजूला. वीसेक वर्षांत बाईंच्या घराचा जेवढा भाग बॉयर्ल्यांनी पाहिला होता तो कोट अडकवायच्या खुंटीपाशी संपत होता. बाईंचं पहिलं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. टपालपेटीवर नुसतं ‘इ. विडमान’ होतं. त्या ‘इ’वर त्यांनी इंग्रिड, इल्झं, इझोल्डं अशी नावं बसवून पाहिली होती आणि प्रत्येक नाव वर्षभर वापरून मनातल्या मनात परत केलं होतं.

असंच आणखी वीस वर्षं चाललं असतं. पण ऑगस्टमध्ये टपालपेट्यांपाशी बाई सहज बोलून गेल्या की ब्रेमेनची मुलगी फार मागे लागली आहे, वसंतात तिच्याकडेच कायमचं राहायला जावं म्हणतेय. बॉयर्ले “छान, छान” म्हणाले, घरी आले आणि टोपी न काढता स्वयंपाकघरात बसून राहिले. त्यांचा हिशेब साधा होता. ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला सोडून जायला काही लागत नाही. तळघराची किल्ली परत केली, हात मिळवला, झालं. ‘तू’ म्हणणाऱ्याला मात्र जाण्याचं कारण द्यावं लागतं. आणि कारण देता देता माणूस कधी कधी थांबतो.

अडचण होती ती नियमाची. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायचं तर ते कुणी सुचवायचं, याचा आमच्याकडे नियम आहे. वडीलधाऱ्याने धाकट्याला सुचवावं, आणि बाईने पुरुषाला. आता बॉयर्ले जर वयाने मोठे असतील तर पहिल्या नियमाने अधिकार त्यांचा आणि दुसऱ्या नियमाने बाईंचा. बाई मोठ्या असतील तर दोन्ही नियमांनी बाईंचाच. म्हणजे बाईंचं वय कळायला हवं. बाईंना वय विचारायचं तर तेवढी जवळीक हवी, आणि जवळीक हवी म्हणून तर हा सगळा खटाटोप. असल्या सीमातंट्यात भूमापन कार्यालयातून दोन अधिकारी पाठवत असत आणि तेही भांडून परत येत.

बॉयर्ल्यांनी सल्ले घेतले. न्हाव्याने कात्री थांबवून सांगितलं, “डोंगरावर न्या. हजार मीटरच्या वर सगळेच एकमेकांना तू म्हणतात, तिथे कुणाला विचारावं लागत नाही.” हे बॉयर्ल्यांना पटलं, कारण त्यात मोजमाप होतं. त्यांनी घरी जाऊन नकाशे पसरले. दिवसाभरात जाऊन येता येईल असा हजार मीटरच्या वरचा एकच डोंगर निघाला, तोही जेमतेम, आणि शेवटच्या चढावर बाईंचा गुडघा टिकला नसता. गुडघा दुखणारी बाई माथ्यावर पोचून पहिला शब्द ‘तू’ असा काढील, पण त्याचा सूर वेगळा असेल.

पावाच्या दुकानातली मुलगी म्हणाली, “मला तर सगळेच तू म्हणतात. तुम्हीही म्हणा की.” दुसऱ्या दिवशी बॉयर्ल्यांनी मुद्दाम तिच्याकडूनच पाव घेतला आणि मुद्दाम तिला तुम्ही म्हटलं.

उल्मची बहीण रोझविटा फोनवर म्हणाली, “गेरोल्ड, अडुसष्ट वर्षांचा घोडा झालास, अजून नियम बघतोस? कुठल्या तरी जुन्या गावात ने तिला. वाकडी घरं, खिडक्यांत फुलं, समोर दोन पेले वाइन. बाई आपण होऊन म्हणेल. नाही म्हणाली तर निदान वाइन तरी पोटात जाईल.”

गाव ठरलं क्रेनफेल्स. लाकडी पट्ट्यांची घरं, तटाची भिंत, चौकात कारंजं, आणि कारंज्यासमोर ती वाइनची खानावळ. बॉयर्ल्यांनी जिन्यात बाईंना गाठून, आदल्या रात्री पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “विडमानबाई, येत्या शनिवारी मी क्रेनफेल्सला जायचं योजतोय. तुम्हाला सवड असेल तर, अर्थात काही बंधन नाही.”

“क्रेनफेल्सला?” बाई म्हणाल्या. “लग्नाआधी गेले होते मी. येईन की.”

एवढ्यावर माणसाने घरात जाऊन दार लावून घ्यावं. पण बॉयर्ल्यांना इतका आनंद झाला की ते तळमजल्यावर टपाल बघायला उतरले, रविवार असून. तळमजल्यावर ऑटिंगरबाईंचं दार असतं, आणि ते हवा खेळती राहावी म्हणून बारा महिने किलकिलं असतं.

“क्रेनफेल्सला चाललात म्हणे,” फटीतून आवाज आला. मागोमाग ऑटिंगरबाईही आल्या. “तिकीट कोणतं काढताय?”

“दिवसभराचं. दोघांचं.”

“दोघांचं?” ऑटिंगरबाईंच्या चेहऱ्यावर असं दुःख आलं की जणू बॉयर्ल्यांनी गरम पाण्याचा नळ सोडून ठेवलाय. “अहो, पाच जणांचं निघतं ना एका तिकिटावर. पाच जण झाले की माणशी...”

“माणशी निम्म्याहून कमी,” बॉयर्ले म्हणाले.

हे ते का म्हणाले ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. आमच्याकडच्या काटकसरी श्वाबियन माणसासमोर कुणी गणित अर्धवट सोडलं तर त्याच्या तोंडून उत्तर आपोआप येतं. त्यात त्याचा दोष नाही. पण उत्तर आलं म्हणजे होकार आला. ऑटिंगरबाई वळून आत म्हणाल्या, “एवाल्ड, शनिवारी आपण क्रेनफेल्सला चाललोय.” आतून श्रीयुत ऑटिंगर काही म्हणाले नाहीत. ते सहसा म्हणत नसत.

“पाचवा हवा,” ऑटिंगरबाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात तळघराच्या जिन्यावरून झाडू घेतलेला पाचवा वर आला.

हा श्टेगमायर. दुसऱ्याच मजल्यावर, बॉयर्ल्यांच्या समोरच्या दारात राहणारा. या दोघांचं जुनं वैर होतं, आणि ते तळघराच्या दारामागच्या कोपऱ्यावरून होतं. ज्याच्या दारावर झाडलोटीची पाटी असेल त्याने आठवडाभर जिना आणि तळघर झाडायचं, ही आमच्या इमारतींची रीत. तो कोपरा तळघरात मोडतो की सायकलींच्या खोलीत, हा प्रश्न होता. बॉयर्ल्यांनी टेप लावून तो मोजला होता आणि सायकलींच्या खोलीत बसवला होता. श्टेगमायर म्हणे, ज्याला टेप लावायला वेळ आहे त्याला झाडू मारायलाही असला पाहिजे. एवढं असून दोघांनी एकमेकांना कधी वाकडा शब्द वापरला नव्हता. ‘तुम्ही’ लावून शिवी देणं जडच जातं. मध्येच व्याकरण आडवं येतं.

“माणशी किती?” श्टेगमायरने विचारलं. ऑटिंगरबाईंनी सांगितलं. “मग येतो,” तो म्हणाला. “क्रेनफेल्स मला आवडत नाही, पण त्या पैशात न जाणं बरं दिसत नाही.”

आठवडाभर बॉयर्ले वेळापत्रकावर बसून होते, आणि गुरुवारी त्यांना आशेचा किरण दिसला. ही गाडी हॉर्नबाख जंक्शनला तुटते. पुढचे डबे क्रेनफेल्सला जातात, मागचे बाड ऑस्टरनला. बाड ऑस्टरनला गरम पाण्याचे झरे आहेत. ऑटिंगरांना संधिवात आहे. श्टेगमायरला क्रेनफेल्स आवडत नाही. बॉयर्ल्यांनी या सगळ्याचा विचार केला आणि त्यांच्या लक्षात आलं की शेजाऱ्यांचं यात भलंच आहे.

मात्र कुणाला बिनतिकीट प्रवास करायला लावणं त्यांच्याने झालं नसतं. ते नीच नव्हते. म्हणून पाच जणांचं तिकीट त्यांनी ऑटिंगरबाईंच्या हवाली केलं, “तुमच्याकडे जास्त सुरक्षित राहील” असं म्हणून. ऑटिंगरबाईंना ते आधीपासूनच वाटत होतं. मग बॉयर्ल्यांनी तिकिटाच्या यंत्रापाशी जाऊन, इकडेतिकडे बघून, आणखी दोन सुटी तिकिटं काढली. पूर्ण दराने. नोटा आत ओढल्या जाताना त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. लग्न न केलेल्या माणसाने प्रेमावर एवढा खर्च यापूर्वी केल्याची इमारतीत नोंद नव्हती.

शनिवारी सगळं जमून आलं. “मागच्या डब्यात स्वच्छतागृह जवळ पडतं,” असं सांगून तिघांना मागे बसवलं. ऑटिंगरांनी नुसती मान हलवली, पण ती कृतज्ञतेने. “पुढून दरी छान दिसते,” असं सांगून विडमानबाईंना पुढे नेलं. बाईंनी निळा रुमाल गळ्याला बांधला होता. त्यांनी खाऊचा डबा उघडून लोणी लावलेला ब्रेत्सेल, म्हणजे तो वेटोळ्याचा खारट पाव, अर्धा मोडून बॉयर्ल्यांना दिला. खिडकीबाहेर द्राक्षांचे मळे होते. बॉयर्ल्यांना वाटलं, हजार मीटर काय करायचेत.

हॉर्नबाख आलं. गाडी थांबली आणि घोषणा झाली: पुढचे डबे क्रेनफेल्स, मागचे बाड ऑस्टरन.

विडमानबाई उठल्या. “अहो बॉयर्ले, ते तिघं मागे आहेत.”

“त्यांनी ऐकलं असेल,” बॉयर्ले म्हणाले.

“छे. ऑटिंगर प्रवासात कानातलं यंत्र काढून ठेवतात, आणि त्या बोलत असतील. मी सांगून येते.”

“तुमचा गुडघा...”

पण गुडघा तोवर फलाटावर होता. बाई रुमाल सावरत मागे निघाल्या, आणि ज्या चालीने निघाल्या त्या चालीत हजार मीटरचा डोंगर सहज झाला असता. बॉयर्ले क्षणभर बसून राहिले. त्या क्षणात त्यांची सदसद्विवेकबुद्धी आणि त्यांची योजना यांची गाठ पडली आणि दोघी एकदमच उभ्या राहिल्या. तेही उठले. पिशवीचा पट्टा बाकाच्या हाताला अडकला. तो सोडवेपर्यंत डब्याच्या दारातून धापा टाकत कुणीतरी आत आलं. बॉयर्ल्यांनी आशेने वर पाहिलं. श्टेगमायर होता.

“चुकीच्या डब्यात बसवलंत आम्हाला,” श्टेगमायर म्हणाला. “भूमापनवाले म्हणे.”

“आणि ऑटिंगर?”

“त्या बोलत होत्या. मध्ये बोलणं मला प्रशस्त वाटेना.”

दारं लागली. गाडी हलली. खिडकीतून मागचे डबे फलाटावर राहिलेले दिसले, आणि एका दारात विडमानबाई. आपल्याकडे तोंड करून त्या हात हलवत होत्या, थांबा म्हणून की या म्हणून ते कळलं नाही. मग वळण आलं.

श्टेगमायर बाईंच्या जागेवर बसला. उरलेला अर्धा ब्रेत्सेल त्याला दिसला. “हा कुणाचा?” त्याने विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत खाल्ला.

तिकीट तपासनीस आला. “तिकीट ऑटिंगरबाईंकडे राहिलं,” श्टेगमायर गंभीरपणे म्हणाला, “आता दंड. माणशी.” तेव्हा बॉयर्ल्यांनी, दुसरा इलाज नसल्यामुळे, खिशातून दोन तिकिटं काढून पुढे केली. तपासनीस बघून गेला. श्टेगमायर त्या तिकिटांकडे बघत राहिला. त्याचं डोकं चालताना आवाज येत नसे, पण भुवया हलत.

“आपलं पाच जणांचं होतं,” तो अखेर म्हणाला.

“होतं.”

“आणि ही दोन वेगळी. तुमचं एक. दुसरं माझं नक्कीच नव्हे.”

बॉयर्ले दरीकडे पाहू लागले. त्या बाजूला बोगदा होता.

“म्हणजे आम्हाला तिघांना,” श्टेगमायर सावकाश म्हणाला, “तुम्ही पार्सल करून बाड ऑस्टरनला धाडत होतात.”

“तिथे झरे आहेत,” बॉयर्ले म्हणाले.

बोगदा संपला तेव्हा श्टेगमायर हसत होता. इमारतीत कुणी त्याला हसताना पाहिलं नव्हतं; ते दृश्य सरावाचं नसल्यामुळे थोडं भीतिदायक होतं. “बॉयर्ले,” तो डोळे पुसत म्हणाला, “मी तुम्हाला इतकी वर्षं टेप समजत होतो. तुम्ही तर माणूस निघालात.”

क्रेनफेल्सला उतरल्यावर पुढची गाडी येईपर्यंत कारंज्यासमोरच्या खानावळीत बसण्यावाचून काम नव्हतं. घरं वाकडी होती, खिडक्यांत फुलं होती, समोर दोन पेले वाइन आली. रोझविटाने सांगितलेलं सगळं हजर होतं. फक्त माणूस दुसरा होता. श्टेगमायरने पेला उचलला.

“मी बहात्तरचा,” तो म्हणाला. “म्हणजे मोठा मी. सुचवायचा मान माझा. मी लोथार.”

यावर नाही म्हणता येत नाही. वडीलधाऱ्याने दिलेलं ‘तू’ परत करणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, आणि ते दार जन्मभर समोरासमोर असतं. बॉयर्ल्यांनी मनातल्या मनात तळघराच्या दारामागच्या कोपऱ्याकडे एकदा पाहून घेतलं. अरे-तुरे झालेल्या माणसाशी मोजमापाचा दावा चालवता येत नाही. “गेरोल्ड,” ते म्हणाले. पेले भिडले. कोपरा गेला.

“आता तू काळजी करू नकोस, गेरोल्ड,” लोथार म्हणाला. “मी बघतो सगळं.”

आयुष्यात बॉयर्ल्यांना भीती वाटण्याचे प्रसंग फार आले नव्हते. हा एक.

तासाभराने चौकाच्या कोपऱ्यातून हसण्याचा आवाज आला आणि मागून मंडळी आली. ऑटिंगरबाई आणि विडमानबाई हातात हात घालून, आणि मध्ये श्रीयुत ऑटिंगर, चक्क बोलत. बाड ऑस्टरनच्या वाटेवरच्या एका ओसाड स्थानकावर उतरून त्यांना परतीची गाडी बघावी लागली होती. बाक थंड होता. ऑटिंगरबाईंच्या पिशवीत चुलतभावाने घरी गाळलेली आलुबुखाराची दारू होती.

“इर्मेला, तू इथे बस, उन्हात,” ऑटिंगरबाई म्हणाल्या.

इर्मेला. बॉयर्ल्यांच्या हातातला पेला थांबला. वीस वर्षं जे नाव शोधलं ते ऑटिंगरबाईंच्या तोंडून, खुर्ची ओढता ओढता, असं फुकट मिळालं. इंग्रिड, इल्झं, इझोल्डं या तिघी एकदम इमारत सोडून गेल्या.

“गुड्रुन, तुझी दारू म्हणजे औषध आहे हो,” विडमानबाई म्हणाल्या. “गुडघा मला विसरलाच. एवाल्ड, तू काय घेणार?”

एवाल्डलासुद्धा. बॉयर्ल्यांनी मेन्यूचं कार्ड डोळ्यांसमोर धरलं. मसुराची उसळ आणि जाड शेवया, एवढंच त्यात वाचता येत होतं.

जेवणं झाली तोवर लोथारनेही सगळ्यांशी अरे-तुरे, अगं-तुगं करून घेतलं होतं. टेबलावर ‘तू’ मिठासारखं फिरत होतं. मग, ज्याची भीती होती तेच झालं. लोथारने काट्याने पेला वाजवला.

“मंडळी, आता दोघंच उरले,” तो म्हणाला. “गेरोल्ड आणि इर्मेला. भरा पेले. हातात हात अडकवा, प्या, गालाला गाल लावा, आणि मिटवा.”

“अगदी बरोबर,” गुड्रुन म्हणाली. एवाल्डने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरच्या चार अनोळखी लोकांनीही मान वळवली. बॉयर्ले उभे राहिले. ज्यासाठी डोंगर पाहिले, तिकिटं काढली, कोपरा घालवला, ते समोर भरून ठेवलं होतं. त्यांनी पेला धरलेल्या हाताचं कोपर पुढे केलं.

विडमानबाई उठल्या नाहीत.

“नको,” त्या म्हणाल्या. “बॉयर्लेसाहेबांना मी तू म्हणणार नाही.”

चौकातलं कारंजं अचानक फार मोठ्याने वाजू लागलं. लोथारने काटा खाली ठेवला. गुड्रुन ऑटिंगर, जिला गेल्या चाळीस वर्षांत बोलायला काही सुचलं नाही असं झालं नव्हतं, ती शेवया मोजू लागली. बॉयर्ल्यांनी पुढे केलेलं कोपर परत कसं घ्यावं याला काही रीत नाही. त्यांनी ते हळूहळू घेतलं, वाटेत बाहीवरचा नसलेला कण झटकला, “अर्थात, काही बंधन नाही” असं म्हटलं, आणि एकट्यानेच पेला रिकामा केला.

नंतर गाव पाहणं झालं. बॉयर्ल्यांना त्यातलं एवढंच आठवतं की क्रेनफेल्सची घरं फार वाकडी आहेत आणि त्यांची मोजणी कुणीतरी निष्काळजीपणे केलेली आहे. लोथार त्यांच्या बाजूने चालत होता आणि दर दहा पावलांनी “गेरोल्ड, मला वाटलं...” असं सुरू करून थांबत होता. “जाऊ दे, लोथार,” ते म्हणत. पहिल्या तीन-चार खेपांना ‘तू’ जिभेला टोचत होतं, मग टोचेनासं झालं. त्याचंही त्यांना वाईटच वाटलं.

तटावर चढायचा दगडी जिना आला. गुड्रुन म्हणाली, तिचं वर काही हरवलेलं नाही. एवाल्ड आणि लोथार केकचं दुकान शोधायला गेले. विडमानबाई चढू लागल्या आणि तिसऱ्या पायरीवर थांबून म्हणाल्या, “बॉयर्लेसाहेब, हात द्याल?”

बॉयर्ल्यांनी हात दिला, एका पायरीचं अंतर ठेवून.

वर वारा होता. खाली लाल कौलांची गर्दी. बाई भिंतीला टेकून म्हणाल्या, “पुढून दरी छान दिसते म्हणालात ना? त्या बाजूला बोगदा आहे.”

बॉयर्ल्यांनी नजर कौलांकडे वळवली.

“मागच्या डब्यात गुड्रुनने पाच जणांचं तिकीट पिशवीतून काढून दाखवलं तेव्हा मी विचारात पडले. तुमच्यासारखा माणूस बिनतिकीट पुढे जाणं शक्य नाही. म्हणजे तिकिटं वेगळी काढली असणार. पूर्ण दराने.” त्यांनी रुमाल नीट केला. “फार खर्च केलात.”

“मग तुम्ही मागे का गेलात?”

“एवाल्डचं यंत्र काढलेलं होतं ना. त्याला कोण सांगणार?”

बॉयर्ल्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “तुम्हाला आवडत नसेल,” ते म्हणाले, “तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही.”

“बसा जरा,” बाई म्हणाल्या. दोघं भिंतीच्या कट्ट्यावर बसले. “माझा दातांचा डॉक्टर मला तू म्हणतो. तिशीचा आहे. बँकेतली पोरगी तू म्हणते. फर्निचरच्या दुकानाची जाहिरात येते तीसुद्धा, ‘तू ये, तू बघ’. ब्रेमेनला जावई, नातवंडं, नातवंडांचे मित्र, सगळे तू. आज गुड्रुन झाली, एवाल्ड झाला, तो लोथारही झाला. चांगले आहेत सगळे. पण तू म्हणायला लागलं की लोक न वाजवता आत येतात.” त्या बॉयर्ल्यांकडे वळल्या. “तुम्ही माझं दार वाजवता आणि दोन पायऱ्या खाली उतरून उभे राहता. मी उघडते तेव्हा तुमची टोपी हातात असते. आता मला तुम्ही म्हणणारं कोण उरलंय सांगा. तुमच्याकडून तेही जाऊ द्यायचं?”

बॉयर्ले खाली बघत होते. कौलांत कुठेतरी एक कबुतर चालत होतं.

“आणि ब्रेमेन?” त्यांनी विचारलं.

“मुलीला कळवलंय. म्हटलं, दर चार आठवड्यांनी माझी झाडलोटीची पाळी असते. मला यायला जमणार नाही.”

खाली उतरताना बाईंनी हात मागितला नाही, नुसता धरला. एका पायरीचं अंतर मात्र बॉयर्ल्यांनी राखलं.

केकच्या दुकानात तिघं आधीच बसले होते आणि काहीच झालं नाही असं दाखवत होते. लोथारला ते इतकं वाईट जमत होतं की तो केकची पाटी उलटी धरून वाचत होता. आलुबुखाराचा केक आला, वर फेटलेल्या मलईचे डोंगर. एवाल्डने दोन तुकडे घेतले आणि यंत्र काढून ठेवलं. गाडीची वेळ होत आली तशी वाढपीण आली, कमरेची चामडी पिशवी उघडली, आणि सगळीकडे विचारतात ते विचारलं, “एकत्र की वेगवेगळं?”

“वेगवेगळं,” लोथार म्हणाला.

“वेगवेगळं,” गुड्रुन म्हणाली, “आणि याचंही वेगळं. दोन तुकडे याने खाल्लेत.”

बॉयर्ल्यांनी पाकीट काढलं आणि तोंड उघडलं.

“आमचं दोघांचं एकत्र,” विडमानबाई म्हणाल्या.

गुड्रुनचा काटा बशीवर वाजला. लोथारने केकची पाटी सरळ केली. वाढपिणीला यात काही विशेष वाटलं नाही. तिने बेरीज केली आणि आकडा सांगितला. बॉयर्ल्यांचा हात पाकिटात होता तिथेच होता.

“अहो,” विडमानबाई म्हणाल्या. पुढे बॉयर्ले नाही, साहेब नाही, काहीच नाही. “ठेवा ते पाकीट आत.”

तेव्हा हिशेब असा झाला. लोथारने स्वतःचे दिले. गुड्रुनने स्वतःचे दिले. एवाल्डने, त्याला खुणेने समजावल्यावर, दोन तुकड्यांचे दिले. विडमानबाईंनी दोघांचे दिले. आणि बॉयर्ल्यांनी ते देऊ दिले.